माणशी अर्धा एकर

1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. लागोपाठ तीन पावसाळ्यांनी दगा दिला होता आणि त्यातला 1972 चा सर्वांत वाईट निघाला. घाटाच्या पूर्वेला नगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली आणि पुढे मराठवाडा, हा सगळा मुलूख पाटी-फावडं घेऊन उन्हात उभा होता. घरी बैलजोडी आणि सालगडी बाळगणारे शेतकरीही मुकादमाच्या हजेरीपत्रकावर नाव लावायला रांगेत होते. परदेशातून आलेली लाल मिलो, कामावर वाटली जाणारी सुखडी, गुरांच्या छावण्या... त्या पिढीतल्या कुणापुढे नुसतं ‘बहात्तर’ म्हटलं की पुढचं सगळं आपोआप बाहेर पडतं.

एवढ्या मोठ्या दुष्काळात माणसं जगली, ही गोष्ट लहान नाही. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात, आपल्या विसापूरकडे, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. बहात्तरच्या दुष्काळाने तो राज्यभर पसरवला आणि 1977 मध्ये त्याचा कायदा झाला. रोजगार हमीचं कौतुक पुढे जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी केलं, ते वाजवीच आहे. पण दुष्काळ उठल्यावर माणूस परत त्याच शेतात गेला. तिथे काय बदललं होतं? फोडलेल्या खडीचे ढीग कित्येक वर्षं रस्त्यांच्या कडेला तसेच पडून राहिले. रस्ते झाले, काही ठिकाणी नालाबांध झाले, आणि गावोगाव पाझर तलाव झाले.

या पाझर तलावापाशी जरा थांबायला हवं. ओढ्यावर मातीचा बांध घालायचा, पाणी अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि बांधाखालच्या विहिरींना त्याचा पाझर फुटू द्यायचा, अशी ही रचना. तांत्रिकदृष्ट्या उत्तम. मात्र बांध घालायला गावातली शेकडो माणसं, त्यात बाया अधिक, आणि पाणी चढायचं ते बांधाखाली ज्यांच्या विहिरी आधीपासून होत्या त्या चार-दोन घरांच्या. तलावाच्या पोटात जमीन जायची ती तिसऱ्याच कुणाची. माती वाहणारीला रोज मिळाला, तोही काम चालू असेपर्यंत. सरकारी पैशाने आणि गरिबांच्या घामाने अडवलेलं पाणी असं मुकाट्याने विहीरवाल्याच्या नावावर चढत होतं. यात कुणी चोरी केली म्हणावं तर तसंही नाही. कायदाच तसा आहे: ज्याची जमीन, त्याच्या जमिनीखालचं पाणी त्याचं.

या गोष्टीची चीड पुष्कळांना आली असेल. तिचा हिशेब मांडून नवी वाटणी सुचवणारा माणूस मात्र पुण्याचा एक कारखानदार निघाला. विलासराव साळुंखे यांत्रिकी इंजिनिअर. अचूक मोजमापाची उपकरणं बनवणारा त्यांचा कारखाना होता. मिलिमीटरच्या भागांत विचार करणारा हा माणूस दुष्काळात पुरंदर तालुक्यातल्या कामांवर जाऊ लागला आणि तिथेच अडकला. 1974 मध्ये त्यांनी आणि पत्नी कल्पनाताईंनी ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केलं. सासवड-जेजुरीच्या पूर्वेला नायगाव आहे. तिथल्या देवस्थानाची 16 हेक्टर जमीन त्यांनी 50 वर्षांच्या कराराने घेतली. जमीन म्हणजे खडक, मुरूम आणि उतार. गावातल्या कुणाला ती नको होती म्हणूनच ती मिळाली.

पुरंदर हा तालुका नकाशावर पाहिला तर त्याचं दुखणं लगेच कळतं. पश्चिमेला किल्ल्याच्या डोंगरांवर ढग रिकामे होतात आणि पूर्वेकडच्या गावांत पाऊस सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरीप्रमाणे. कऱ्हा नदी मधून वाहते, पण पावसाळा सरला की तिच्या पात्रात वाळूच जास्त. तालुक्याच्या दक्षिण कडेने नीरेचा डावा कालवा जातो आणि बारामतीकडे ऊस पिकवतो. हा कालवा 1880 च्या दशकातला, मूळ हेतू दुष्काळ निवारण. चांगल्या पावसाच्या वर्षी शेतकरी पाणीच घेईनात, म्हणून सरकार तोट्यात. मग ऊस आला आणि पाणी उसाच्या मागे गेलं. विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्लॉक पद्धत आणली: पाणी ठरावीक गटांत, जास्त गावांना फिरवायचं, उसाच्या क्षेत्राला मर्यादा घालायची. म्हणजे दख्खनच्या पाण्याला ऊस गिळून टाकील ही भीती शंभर वर्षांपूर्वीच्या इंजिनिअरलाही होतीच. पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत.

इथे एक योगायोगही आहे. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं खानवडी हे गाव याच तालुक्यातलं. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीरावांनी इंग्रज सरकारला सुचवलं होतं की लष्करातली आणि पोलिसातली फालतू माणसं कामाला लावून डोंगरदऱ्यांत ताली-बंधारे घाला, म्हणजे पावसाचं पाणी आणि डोंगरावरचा पालापाचोळा शेतात मुरेल. हे 1880 च्या दशकातलं म्हणणं. पुढे ‘पाणलोट विकास’ या भारदस्त नावाने ज्या योजना आल्या, त्यांचा गाभा यापेक्षा फारसा वेगळा नाही.

साळुंख्यांनी नायगावच्या माळावर आधी हेच केलं. उताराला आडवे बांध, ओघळीत लहान नालाबांध, पायथ्याला एक तळं, तळ्याच्या खाली विहीर, आणि विहिरीतलं पाणी पंपाने परत वर. वरच्या अंगाला झाडं आणि गवत. दोन-चार वर्षांत माळावर बाजरी, शाळू, भाजीपाला दिसू लागला. गावकरी येताजाता बघत होतेच. शहरातल्या कारखानदाराचं हे खूळ किती दिवस टिकतं अशी कुजबुज आधी होती. मग, हे आमच्याकडेही करून द्या, अशी मागणी आली.

इथपर्यंतची गोष्ट राळेगणची आहे, हिवरेबाजारची आहे, अनेक गावांची आहे. अण्णा हजारे स्वतः साळुंख्यांचं काम पाहून गेले होते आणि राळेगणच्या कामाला त्याचा उपयोग झाला. साळुंख्यांचं वेगळेपण पाणी अडवण्यात नाही. अडवलेलं पाणी उपसून शेतात न्यायची सामूहिक योजना मागायला लोक आले, तेव्हा त्यांनी आधी अटी पुढे ठेवल्या. 1979 पासून याच अटींवर ‘पाणी पंचायत’ या नावाने योजना उभ्या राहू लागल्या.

पहिली अट, एकट्यादुकट्याला योजना नाही. गट करून या. दुसरी, पाणी जमिनीप्रमाणे मिळणार नाही, घरातल्या माणसांप्रमाणे मिळेल: माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तर पाणी विकलं जाणार नाही, ते गटाकडे परत येईल. भूमिहीनालाही वाटा आहे. ऊस आणि त्याच्यासारखी पाणीपिती पिकं घ्यायची नाहीत. आणि योजनेच्या खर्चाचा 20 टक्के भाग लाभधारकांनी स्वतः, आधी भरायचा. 50 टक्के सरकारी अनुदान, उरलेले 30 टक्के प्रतिष्ठान बिनव्याजी देणार आणि ते हप्त्याने फेडायचे.

अर्धा एकर हा आकडा हवेतून आलेला नव्हता. पाच माणसांचं घर, माणशी अर्धा एकर, म्हणजे अडीच एकर, म्हणजेच एक हेक्टर. कोरडवाहू भागात एक हेक्टरला खरिपात गरजेपुरतं आणि रब्बीत तीन-चार पाणी मिळालं, तर पाच माणसं वर्षभर खाऊन थोडंबहुत विकू शकतात, हा हिशेब. उपलब्ध पाणी किती, ते किती एकरांना पुरेल, गावात माणसं किती, आणि भागिले किती. कारखान्यात जसा माप-तोलाचा विचार होतो तसाच.

याचा परिणाम मात्र हिशेबाच्या बाहेरचा होता. समजा एका घरात पाच माणसं आणि 20 एकर जमीन, शेजारच्या घरात पाच माणसं आणि तीन एकर. दोघांनाही पाणी अडीच एकराचंच. गावच्या पाटीलकीच्या, वाड्याच्या, भाऊबंदकीच्या सगळ्या उतरंडीला हा सरळ धक्का होता. मोठ्या शेतकऱ्याने यात का यावं? काही आलेच नाहीत. जे आले ते अशासाठी की त्यांच्या 20 एकरांतही तेव्हा शाश्वत पाण्याचा एक गुंठा नव्हता. शून्यापेक्षा अडीच बरे. म्हणजे ही समता दुष्काळाच्या पोटात जन्मली; जिथे कुणाकडेच पाणी नव्हतं तिथेच ती पटली. कालव्याच्या पट्ट्यात हीच अट घेऊन कुणी गेला असता तर लोकांनी त्याला चहासुद्धा विचारला नसता.

भूमिहीनाने आपलं पाणी घालायचं कुठे? इथे रचनेची खरी हुशारी होती. ज्याच्याकडे जमीन पाण्यापेक्षा जास्त आहे, त्याची जास्तीची जमीन भूमिहीनाने वाट्याने करायची, आपलं पाणी आपल्याबरोबर घेऊन. मजूर म्हणून नाही, पाण्याचा धनी म्हणून. कागदावर हे फार देखणं दिसतं. अंमलात हेच कलम सर्वांत अवघड गेलं आणि बऱ्याच ठिकाणी ते उतरलंच नाही. आधी 20 टक्के वाटा भरायचा तर हातावर पोट असलेल्याने तो आणायचा कुठून, आणि जमीनवाल्याने त्याला बरोबरीचा म्हणून बांधावर उभं करायचं, हे दोन्ही जड होतं. पाणी पंचायतीचं कौतुक करणाऱ्यांनी ही बाजू झाकू नये.

योजना चालायची कशी ते जवळून पाहण्यासारखं आहे. तळ्याखालच्या विहिरीवर किंवा ओढ्याकाठी पंप. तिथून जाड पाईप चढावर, टेकाडाच्या माथ्यावर एक सिमेंटचा हौद. हौदातून फाटे निघतात आणि प्रत्येक फाट्यावर जागोजागी झडपा. झडप उघडायचा अधिकार शेतकऱ्याला नाही. तो गटाने पगारी नेमलेल्या पाटकऱ्याला. कुणाची पाळी कधी, किती तास, याची त्याच्याकडे वही. वीज रात्री येणार असेल तर पाटकरी रात्री बॅटरी घेऊन फिरणार आणि ज्याची पाळी आहे तो दारं धरायला बांधावर हजर. कुणी वेळेपेक्षा जास्त पाणी ओढलं, कुणी गुपचूप कोपऱ्यात ऊस लावला, कुणाची पट्टी थकली, ही भांडणं पंचायतीच्या बैठकीत यायची. पाटकरी कडक असेल तर योजना चालते आणि तो कुणाच्या तरी मेहुण्याचा मेहुणा असेल तर बसते, हे ज्यांनी गावकी जवळून पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

पुढच्या काही वर्षांत पुरंदर आणि आसपासच्या भागात अशा काही डझन योजना उभ्या राहिल्या. मुंबई-पुण्याच्या मनीऑर्डरवर चालणारी घरं दोन पिकं घेऊ लागली. माहूरसारख्या गावातली योजना तर या पद्धतीचा नमुना म्हणून पुढे अनेक वर्षं दाखवली गेली. सरकारी खात्यांशी झटापट मात्र सतत चालू असे. पाझर तलाव हा मुरवण्यासाठी, त्यातून थेट उपसा नियमात बसत नाही. अनुदानाचा हप्ता वेळेवर येत नाही. वीजजोड मिळत नाही. आधी लोकांनी पैसे भरलेले, आणि खड्ड्यात पाईप नाहीत, अशा अवस्थेत महिनेच्या महिने जात. साळुंख्यांचा निम्मा जीव या खेट्यांत गेला असावा.

देशात त्याच सुमाराला असाच विचार आणखी एका ठिकाणी चालला होता. चंदीगडचा सुखना तलाव गाळाने भरत होता, म्हणून पी. आर. मिश्रा हे अधिकारी वरच्या बाजूच्या सुखोमाजरी गावी पोहोचले. डोंगरात चराई थांबवायची तर लोकांना मोबदला हवा. तेव्हा बंधाऱ्याच्या पाण्यात प्रत्येक घराला, भूमिहीनालाही, सारखा वाटा ठरला. आपल्याकडे सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात 1982 च्या गिरणी संपातून गावी परतलेल्या कामगारांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. भारत पाटणकर त्यात होते. येरळा नदीची वाळू ठेकेदार नेत होते. लोकांनी ती ठेकेदाराला न देता स्वतः विकून त्या पैशांतून बळीराजा स्मृती धरण बांधलं आणि जमीन असो वा नसो, पाण्याचा हक्क सगळ्या कुटुंबांना, असा नियम केला. नागनाथअण्णा नायकवडी आणि पाटणकर यांनी 1993 पासून तेरा दुष्काळी तालुक्यांत समन्यायी पाणीवाटपाची लढाई चालवली, तिच्या मुळाशीही माणशी अर्ध्या एकराचं बी आहे.

मग हे सगळीकडे का पसरलं नाही? साळुंख्यांसारखा माणूस प्रत्येक गावाला मिळत नाही, हे नेहमीचं उत्तर मला अर्धवट वाटतं. माणूस तर पाटकऱ्याच्या कामापुरता लागतो. खरं कारण जमिनीखाली होतं. पंचायतीने झडपा कितीही काटेकोर ठेवल्या तरी शेजारच्या बांधावर कुणीही विहीर खणू शकत होता, आणि नंतर बोअर घेऊ शकत होता. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे भूजल जमीनमालकाच्या मागे चालतं. दोनशे फुटांवर गाडी लावून ज्याने बोअर मारलं त्याने गटाच्या विहिरीचा पाझर ओढून घेतला आणि त्याला जाब विचारायला कुठलंही कलम नव्हतं. त्यात वीज बेभरवशाची, बिलं थकलेली, आणि बारामतीकडे उसाचा पैसा डोळ्यांसमोर. माणसाला हेवा वाटतो, त्याला दोष कसा द्यायचा? गट सुटत गेले. योजना बंद पडल्या, काही खाजगी पाईपलाइनींत विरघळल्या. मोजक्या टिकल्या. विलासराव 2002 मध्ये गेले.

सरकारने मात्र या प्रयोगातून सोयीचं तेवढं उचललं. 1992 नंतरची आदर्श गाव योजना, पुढचं जलयुक्त शिवार, लोकसहभागातून झालेली चर खोदण्याची कामं, या सगळ्यांत माती आहे, जेसीबी आहे, उद्घाटनाचा नारळ आहे. अडवा आणि जिरवा ही दोन क्रियापदं गावच्या भिंतींवर रंगली. ‘वाटा’ हे तिसरं रंगवायला कुणी धजलं नाही. हिवरेबाजारने ऊस आणि शेतीसाठीच्या बोअरवर बंदी घालून, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून एक पाऊल पुढे टाकलं, हा सन्माननीय अपवाद. एरवी मुरलेलं पाणी पुन्हा ज्याचं बोअर खोल त्याच्याकडेच जातं आणि लेखी अहवालात भूजल पातळी वाढल्याची नोंद होते. शेतीविकासाच्या कार्यक्रमांत खोदाई मोजणं सोपं आहे म्हणून तीच मोजली जाते, असं माझं मत आहे. पाणी कुणाच्या घरात गेलं हे मोजायला सरपंचाच्या चुलतभावाला दुखवावं लागतं.

आज पुरंदरमध्ये गेलात तर अंजीर, सीताफळ आणि वाटाण्याने तालुक्याचं नाव झालेलं दिसेल. पुण्याने वापरून सोडलेलं मुळा-मुठेचं पाणी पुरंदर उपसा योजनेने टप्प्याटप्प्याने वर चढवून इथल्या शेतांना दिलं जातं. पाणी आलं हे चांगलंच झालं. ते ज्याच्या नावावर जमीन त्याला, त्याच्या मागणीप्रमाणे मिळतं.

2005 मध्ये महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. टंचाईच्या वर्षी लाभक्षेत्रातल्या प्रत्येक जमीनधारकाला शक्यतो निदान एक एकर भिजेल एवढं पाणी मिळावं, असं त्यात म्हटलं आहे. साळुंख्यांच्या नियमाच्या सर्वांत जवळ सरकारी कायदा आला तो एवढाच. भूमिहीन त्या कलमात नाही, आणि घरात खाणारी माणसं किती हेही ते कलम विचारत नाही.